मानसशास्त्रीय प्रयोगातील सहभागींची विभागणी

कोणत्या सहभागीला प्रयोगातली कोणती परिस्थिती द्यायची, हे ठरवणाऱ्या आराखड्याला प्रायोगिक अभिकल्प म्हणतात. मुख्य प्रकार तीन: स्वतंत्र गट, पुनरावृत्त मापन आणि समतुल्य जोड्या. निवड करताना हाताशी माणसे किती आहेत हे पाहिले जातेच; पण त्याआधीचा प्रश्न असा, की एक परिस्थिती अनुभवलेला माणूस दुसरीसाठी पुन्हा कोरा होतो का?

होत नसेल, तर स्वतंत्र गटांना, म्हणजे प्रत्येकाला एकच परिस्थिती देण्याला, पर्याय नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. नऊ-नऊ जणांचे पाच गट होते आणि गटागणिक प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले होते. चक्काचूर सुचवणाऱ्या क्रियापदाला सरासरी उत्तर आले ताशी ४० मैलांहून थोडे जास्त, नुसता स्पर्श सुचवणाऱ्याला ३१.८. हाच प्रश्न एकाच माणसाला पाच शब्दांत विचारला असता, तर प्रयोगाचा हेतू त्याने लगेच ओळखला असता.

या अभिकल्पात गट यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडून, पाडावे लागतात. आधी आलेले निम्मे एका गटात आणि उरलेले दुसऱ्यात, ही सोय घातक असते, कारण आधी नाव नोंदवणारे बहुधा जास्त उत्साही असतात. सोपा उपाय म्हणजे चार-चार जागांचे ठोकळे करणे. प्रत्येक ठोकळ्यात दोन जागा ‘अ’ गटाच्या व दोन ‘ब’ गटाच्या असतात. त्यांच्या सहा मांडण्यांपैकी एक चिठ्ठीने काढायची. पुढचा क्रम सहभागींना बोलावणाऱ्याला कळू देऊ नये. एवढे करूनही एका गटातून जास्त लोक मध्येच सोडून गेले, तर उरलेले गट सारखे राहत नाहीत.

आणखी एक खोच आहे. मायकेल बर्नबॉम यांनी १९९९ मध्ये एका गटाला ९ ही संख्या किती मोठी वाटते ते १ ते १० या श्रेणीवर विचारले, दुसऱ्या गटाला २२१ विषयी विचारले. सरासरी गुण ९ ला ५.१३ आणि २२१ ला ३.१० मिळाले! बर्नबॉम यांचे स्पष्टीकरण असे, की ९ ची तुलना लोक मनातल्या मनात लहान संख्यांशी करतात, २२१ ची तीन अंकी संख्यांशी. म्हणून ‘किती वाटते’ छापाच्या प्रश्नांना स्वतंत्र गट जपूनच वापरावेत.

पुनरावृत्त मापनात प्रत्येकजण सर्व परिस्थितींतून जातो. जॉन रिडली स्ट्रूप यांच्या १९३५ च्या अभ्यासात १०० विद्यार्थ्यांना शाईचे रंग सांगायचे होते. साध्या रंगीत चौकोनांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. वेगळ्याच रंगाचे नाव छापलेल्या शब्दांना ११०.३. इथे माणसामाणसांतला वेगाचा फरक आड येत नाही, कारण प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते. मध्यम परिणाम (सरासऱ्यांतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.५ पट), ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असे मानण्याची शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरले, तर स्वतंत्र गटांना १२८ माणसे लागतात, दोन मापनांतला सहसंबंध ०.५ असेल तर पुनरावृत्त मापनाला ३४ पुरतात.

याची किंमत क्रमात मोजावी लागते. सरावाने दुसरी फेरी सुधारते, थकव्याने घसरते. म्हणून प्रतिसंतुलन करतात: निम्म्यांना अ-ब, निम्म्यांना ब-अ. चार परिस्थितींचे सर्व क्रम २४ होतात, पाचांचे १२०. त्याऐवजी संतुलित लॅटिन चौरस वापरतात. चारांसाठी तो असा: अबडक, बकअड, कडबअ, डअकब. यात प्रत्येक परिस्थिती प्रत्येक स्थानी एकदा येते आणि प्रत्येक दुसरीच्या लगेच आधी एकदाच येते. सहभागींची संख्या चारच्या पटीत हवी. परिस्थितींची संख्या विषम असेल तर सहसा दोन चौरस लागतात.

प्रतिसंतुलन सगळे धुऊन काढते, हा मात्र गैरसमज आहे. ‘अ’मध्ये लक्षात ठेवण्याची युक्ती शिकवली असेल, तर ती ‘ब’मध्येही वापरली जाते, उलट क्रमात तसे होत नाही. असा एकतर्फी परिणाम सरासरीत मिटत नाही. क्रमनिहाय निकाल वेगळे काढले की तो उघडा पडतो. मग विश्वास पहिल्या फेरीवरच ठेवावा, म्हणजे पुन्हा स्वतंत्र गटांकडेच वळावे.

समतुल्य जोड्यांमध्ये आधी पूर्वचाचणी घेऊन गुणांनुसार उतरता क्रम लावतात, शेजारच्या दोघांची जोडी करतात आणि जोडीतला कोण कुठे जाणार हे नाणे उडवून ठरवतात. अल्बर्ट बंडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या बोबो बाहुलीच्या (मोठ्यांचे पाहून मुले आक्रमक वागतात का, हे तपासणाऱ्या) प्रयोगात ७२ मुलांची आधीची आक्रमकता जोखून समान तिघांचे संच केले होते. जुळणीचा निकष प्रयोगात मोजल्या जाणाऱ्या निष्पन्नाशी घट्ट निगडित नसेल तर मेहनत वाया जातेच, वर नुकसानही होते: २० जोड्यांच्या विश्लेषणात स्वातंत्र्यमात्रा (गणितात मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या मूल्यांची संख्या; ती कमी तर फरक पकडणे अवघड) १९ असतात, तर त्याच ४० जणांच्या दोन स्वतंत्र गटांत ३८. शिवाय एकजण गळाला की त्याचा जोडीदारही विश्लेषणातून जातो.