बागेचा इतिहास पाण्याच्या बाजूने बघा

बागेचा विषय निघाला की बोलणं फुलांवर, झाडांवर, लॉनवर जातं, पण जुन्या बागांचे नकाशे बघत गेलं की लक्षात येतं, बागेचा आकार बहुतेक वेळा पाण्याने ठरवलाय. पाणी कुठून येतं, किती उंचावरून येतं, किती पुरवून वापरायचंय, याच्यावर सगळं डिझाइन उभं राहतं.

इजिप्तपासूनच बघा. थीब्जला नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात बागेचं एक चित्र सापडलं, साधारण इ.स.पू. 1350 चं. मधोमध चौकोनी तळं, त्यात मासे, बदकं, कमळं, आणि तळ्याला अगदी खेटून खजूर नि उंबराच्या जातीतली झाडं. त्या काळी पाणी माणसाच्या हातांनी वर यायचं, लांब दांड्याच्या एका टोकाला भांडं आणि दुसऱ्या टोकाला वजन. असं कष्टाने उपसलेलं पाणी लांबवर कोण नेणार, म्हणून तळं मध्ये आणि झाडं त्याच्या काठाला.

माझ्या मते खरी कमाल केली ती इराणने. तिथे डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचे आणि तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा जमिनीखालून कित्येक किलोमीटर गावापर्यंत आणायचे, याला कनात म्हणतात. पंप नाही, जनावरं नाहीत, पाणी आपलं आपण वाहत येतं, आणि जमिनीखालून येत असल्यामुळे वाटेत उन्हाने उडून जात नाही. पासारगादला सम्राट सायरसच्या राजवाड्याच्या बागेतले घडीव दगडी पाट आणि मध्ये मध्ये छोटी चौकोनी कुंडं अजून बघायला मिळतात, इ.स.पू. सहाव्या शतकातली. पुढे एकमेकांना छेदणारे दोन पाट आणि त्यातून पडलेले चार भाग, म्हणजे चारबाग, हा नमुना स्पेनपासून भारतापर्यंत पसरला. सरळ आणि अरुंद पाटात पाण्याचा उघडा पृष्ठभाग कमी राहतो, शिवाय चारही वाफ्यांना पाणी सारखं वाटता येतं, त्यामुळे ही रचना दिसायला सुंदर आहेच पण हिशोबीही आहे.

आणि गारवा कुठून येतो तेही बघू. 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. एवढ्यात सुमारे 2000 घनमीटर हवा 1 अंशाने थंड होऊ शकते! कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं म्हणून वाळवंटातल्या, उंच भिंतींच्या बंद बागेत हा फरक अंगाला जाणवतो.

बाबर आग्र्याला आला तेव्हा इथे वाहतं पाणी नाही ही त्याची मोठी तक्रार होती, तसं त्याने आत्मचरित्रात लिहूनच ठेवलंय. सपाट जमीन, मग विहिरी खणून रहाटाने पाणी वर चढवायचं आणि तिथून पाटात सोडायचं. काश्मीरमधे ही अडचण नव्हती, तिथे 1619 मधे जहांगीरने श्रीनगरची शालिमार बाग सुरू केली तेव्हा डोंगरातून येणारं पाणी टप्प्याटप्प्याने खाली उतरवलं, म्हणून ती बाग पायऱ्यापायऱ्यांची आहे.

कारंज्याचा नियम सोपा आहे, नुसत्या उतारावर चालणारं कारंजं त्याच्या स्रोताच्या पातळीपेक्षा वर उडत नाही, उलट नळातल्या घर्षणामुळे थोडं कमीच उडतं. श्रीलंकेत सिगिरियाला पाचव्या शतकातली कारंजी आहेत, ती पावसाळ्यात अजूनही उडतात, मला तर हे कुठल्याही राजवाड्यापेक्षा भारी वाटतं. रोमजवळच्या व्हिला द'एस्तेमधे 16 व्या शतकात नदीचं पाणी वळवून उतारावर शेकडो कारंजी खेळवली, तीही पंपाशिवाय.

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याला मात्र निसर्ग सोबत नव्हता. जागा उंचावर, जवळ मोठी नदी नाही, आणि राजा चौदाव्या लुईला हवी होती भरपूर कारंजी. मग सीन नदीवर 1684 मधे मार्लीचं यंत्र बसवलं, 14 प्रचंड चाकं, 200 हून जास्त पंप, पाणी 150 मीटरच्या वर चढवायचं, तरीही सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणी कधी मिळालं नाही. राजा फिरायला निघाला की माळी शिट्ट्या वाजवून एकमेकांना इशारा करायचे, राजा पोचायच्या आधी पुढचं कारंजं सुरू आणि तो पुढे गेला की मागचं बंद.

जपानमधल्या क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या दगडांच्या बागेत तर पाणीच नाही, रेघा ओढलेली पांढरी खडी आणि 15 दगड, पाणी बघणाऱ्याने मनात आणायचं.

इंग्लंडमधे वर्षभर पाऊस, म्हणून 18 व्या शतकात केपेबिलिटी ब्राऊन या बागा आखणाऱ्याने सरळ रेषा मोडून हिरवी कुरणं आणि तळी केली, ब्लेनहाइमला तर ओढा अडवून मोठा तलाव केला. गवत मेंढ्या चरून नाहीतर माणसं विळ्याने कापून आखूड ठेवायची, 1830 मधे एडविन बडिंगने गवत कापायचं मशीन काढलं आणि लॉन साध्या घरांपुढेही आलं. पुढे ते कोरड्या देशांतही गेलं आणि इथेच हिशोब फिसकटला. उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी द्यावं लागतं, म्हणजे 100 चौरस मीटरला 2500 लिटर, दर आठवड्याला.

1981 मधे अमेरिकेतल्या डेनव्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने कमी पाण्याच्या बागांचा प्रचार सुरू केला, त्याला झेरिस्केप म्हणतात. पाण्याची गरज एकसारखी असलेली झाडं एका वाफ्यात लावायची, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकायचं, आणि लॉन जिथे खरंच वापरात येणार तेवढ्याच तुकड्यात ठेवायचं.