कानशिलाच्या खळग्यात सुई

दात घट्ट आवळा आणि भुवईच्या बाहेरच्या टोकामागे, केस सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे, दोन बोटं टेकवा. बोटांखाली काहीतरी टणक होऊन वर येईल. तो टेम्पोरॅलिस, घास चावण्याच्या कामातला मोठा स्नायू. आता बोटं खाली सरकवून कानाच्या भोकासमोर आणा. तिथे नाडी लागेल. ती कानशिलातली वरवरची धमनी. बसलेल्या कानशिलाचा खळगा भरून काढायला गोव्यातल्या स्किन क्लिनिकांत हल्ली 'टेम्पल फिलर' या नावाने जे इंजेक्शन मिळतं, त्याची सगळी गंमत आणि सगळा धोका या दोन बोटांच्या टापूत आहे.

कानशिलं बसली की माणूस म्हातारा का दिसतो, हे गोव्यातल्या देवळांच्या उत्सवात मराठी नाटकं करणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. पंचविशीतल्या पोराला आजोबा करायचं तर रंगभूषाकार त्याचे केस पांढरे करतोच, पण कानशिलांवर आणि गालफडांखाली तपकिरी रंगही ओढतो. तिथे सावली दिसली की प्रेक्षक बाकीचं वय स्वतःच भरून घेतो. तरुण चेहऱ्यात कपाळापासून गालाच्या हाडापर्यंतची कड किंचित फुगीर आणि सलग असते. वय वाढतं तशी ती मध्येच आत जाते आणि कपाळाच्या कडेची हाडाची धार, गालाच्या हाडाची कमान उघडी पडल्यासारखी दिसते. भुवईच्या बाहेरच्या टोकाखालचा भरावही कमी होतो, म्हणून ते टोक थोडं उतरतं आणि झोप पूर्ण झालेली असली तरी डोळे दमलेले वाटतात.

हा खळगा मुख्यतः चरबी आटल्याने पडतो. सोबत स्नायूही बारीक होतो. काहींची ठेवणच तशी असते, त्यांची कानशिलं विशीतही खोल दिसतात. लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांचीही तीच गत. आता त्यात वजन उतरवणाऱ्या औषधांची भर पडली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात विक्रीला आलं. ही औषधं चरबी घटवतात, पण ती पोटाचीच घटवा असं त्यांना सांगता येत नाही. चेहराही उतरतो आणि मग माणूस एका इंजेक्शनाची किंमत दुसऱ्या इंजेक्शनाने चुकती करायला निघतो.

पण खळगा भरण्याआधी तो का पडला हे पाहायला हवं, आणि जाहिरातींत नेमकं हेच नसतं. रुग्णाचं पोषण तपासताना डॉक्टर कानशिलं मुद्दाम बघतात, कारण शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागलं की ते तिथे लवकर कळतं. क्षयरोग, कर्करोग, थायरॉइडचा अतिरेक, आटोक्याबाहेरचा मधुमेह, कारण काहीही असू शकतं. गोव्यात तर मधुमेहाचा विचार आधी व्हावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीत देशभरातलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के होतं, गोव्यातलं २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. तीन-चार महिन्यांत कानशिलं बसली, कपडे ढिले झाले, तहान वाढली, तर पहिली सुई रक्ततपासणीची असली पाहिजे. पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने दुखायला लागलं, जेवताना जबडा भरून येऊ लागला, तर तिथल्या धमनीला सूज आलेली असू शकते. आपल्याकडे हा आजार विरळा, पण उपचार लांबले तर दृष्टी जाते. अशा माणसाने फिलरच्या खुर्चीत बसूच नये.

आता भरतात ते काय? बहुतेक वेळा हायल्युरॉनिक आम्लाचा जेल. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा रेणू १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक रसातून वेगळा केला. तो आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत सगळीकडे आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात तो साधारण पंधरा ग्रॅम भरतो आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश शरीर रोज मोडून नवा बनवतं. म्हणजे नुसता तो टोचला तर काही दिवसांत नाहीसा होईल. म्हणून कारखान्यात त्याच्या लांब साखळ्या रासायनिक टाक्यांनी एकमेकींना जोडतात. टाके जितके जास्त, तितका जेल साधारणपणे ताठ आणि टिकाऊ. पूर्वी हा कच्चा माल कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढत, आता तो कारखान्यात वाढवलेल्या जिवाणूंकडून तयार करून घेतात. शाकाहारी मंडळी हा प्रश्न विचारतात, म्हणून सांगितलं.

दुसरे पर्याय आहेत: कॅल्शियमच्या सूक्ष्म गोळ्यांचा, पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचा, किंवा स्वतःच्याच पोटा-मांडीतून काढलेल्या चरबीचा. पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाची कथा हौसेची नाही. एचआयव्हीवरच्या सुरुवातीच्या काही औषधांनी रुग्णांचे गाल आणि कानशिलं इतकी बसत की आजार चेहऱ्यावरून ओळखू येई. २००४ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, या पदार्थाला मान्यता दिली ती त्या चेहऱ्यांसाठी. खास कानशिलांच्या खळग्यासाठी मात्र तिथे हायल्युरॉनिक फिलरला मान्यता मिळाली ती थेट २०२४ च्या मार्चमध्ये. त्याआधीही डॉक्टर कानशिलं भरत होतेच, पण आपल्या जबाबदारीवर.

खळगा दिसायला उथळ. त्यातले थर मात्र पुष्कळ. वर त्वचा, मग थोडी चरबी, मग एक पातळ पापुद्रा. मघाशी बोटांना लागलेली धमनी याच पापुद्र्यातून कपाळाकडे जाते. बारीक अंगाच्या वयस्कर पुरुषांत ती नागमोडी उठून दिसते. तिच्या आसपास, किंचित खाली, भुवई उचलणारा मज्जातंतू आहे. त्याखाली चिवट, जाड आवरण. ते खाली गालाच्या हाडाजवळ दुपदरी होतं आणि त्या दोन पदरांत चरबी व एक चांगली रुंद नीला असते. मग स्नायू, आणि स्नायूच्या तळाशी हाडाला लगटून आणखी धमन्या. शेवटी हाड. तेही इथे कवटीतल्या सर्वांत पातळ जागांपैकी एक. चार हाडं इथे जवळ येतात आणि त्यांच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. स्कूटरवरून पडून कानशिलावर मार बसला तर जीव धोक्यात येतो तो या धमनीमुळे.

त्यामुळे डॉक्टरपुढे ढोबळमानाने दोन वाटा. एक, सुई सरळ हाडापर्यंत नेऊन स्नायूच्या खाली, हाडावर भराव टाकायचा. त्यासाठी डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कोपऱ्यात कपाळाची धार जिथे सुरू होते, तिथून धारेने साधारण एक सेंटिमीटर वर आणि मग मागे एक सेंटिमीटर असा बिंदू अनेक जण वापरतात. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या तुलनेने कमी सापडतात. दुसरी वाट त्वचेखालच्या वरच्या थरांची. तिथे टोकदार सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, कॅन्युला, वापरतात. दोन्ही वाटांना सोनोग्राफीचा आधार मिळाला तर उत्तम. टोचण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येतं का पाहण्याची रीत आहे, पण जेल घट्ट आणि सुई बारीक असल्याने रक्त आलं नाही म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाही, असं छातीठोक म्हणता येत नाही. खरी भिस्त हळू आणि थोडं थोडं टोचण्यावर. एका बाजूला साधारण एक मिलिलिटर लागतं, खोल खळग्यात अधिक.

हळू का, हे गोव्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. भरतीला मांडवीचं खारं पाणी उलटं वर चढतं आणि खाजन शेतांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, शिरू नये म्हणून बांधातल्या मानशीची दारं त्या पाण्याच्याच दाबाने मिटतात. धमन्यांना अशी दारं नसतात. कानशिलातल्या धमनीच्या फांद्या कपाळावर, डोळ्याकडून येणाऱ्या धमनीच्या फांद्यांना जाऊन मिळतात. सुई चुकून धमनीत असेल आणि जोराने जेल ढकलला, तर तो रक्ताच्या उलट दिशेने डोळ्याच्या मुख्य धमनीपर्यंत जातो. हात सैल पडला की रक्त त्याला पुन्हा पुढे लोटतं, आता दृष्टिपटलाकडे. डोळ्यातूनच शोधलेला रेणू डोळा घालवू शकतो तो असा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातली फिलरनंतरच्या अंधत्वाची ९८ प्रकरणं गोळा केली होती. बहुतेक भुवयांमधल्या आणि नाकाच्या टोचणीची, आणि जवळपास निम्म्यांत भराव स्वतःच्याच चरबीचा होता. 'स्वतःचीच चरबी, म्हणजे निर्धोक' हा समज यासाठी सोडायला हवा. कानशिलं त्या यादीत वर नाहीत, पण आहेत. शिवाय मघाच्या त्या रुंद नीलेत भराव गेला तर तो हृदयातून फुप्फुसांत पोचतो. कानशिलात चरबी टोचल्यावर असं घडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

हायल्युरॉनिक जेलच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा म्हणजे तो विरघळवता येतो. हायल्युरोनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याच्या साखळ्या कापतं. हेच विकर साप आणि मधमाश्यांच्या विषात असतं. पावसाळ्यात अंगणात येणारी घोणस चावली की विष अंगात झपाट्याने पसरतं त्यात याचाही हात. त्वचेच्या रक्तवाहिनीत अडथळा झाला, कातडी पांढरी पडली, मग जाळीदार जांभळी झाली, दुखू लागली, तर हे औषध मोठ्या मात्रेत पुनःपुन्हा टोचून कातडी वाचवता येते. मधमाशी चावल्यावर ज्यांना जोराची ॲलर्जी येते त्यांनी ते आधीच सांगावं. कॅल्शियम, पॉलि-एल-लॅक्टिक किंवा चरबीवर असा उतारा नाही. डोळ्याच्या बाबतीत उताऱ्याचाही भरवसा कमी. माकडांवरच्या प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्ताविना साधारण दीड तास तग धरला, पुढे नुकसान कायमचं होत गेलं.

दीड तासाचा हिशेब गोव्याच्या रस्त्यांवर मांडून बघा. कळंगुटला दुपारी चारला नजर गेली, तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, वीसेक किलोमीटरवर, मध्ये पर्वरीची कोंडी आणि मांडवीचा पूल. आधी घाबरणं, मग फोनाफोनी, मग गाडी. म्हणून क्लिनिक निवडताना भिंतीवरच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंना मी फारसं महत्त्व देणार नाही. हायल्युरोनिडेज इथे आत्ता, या फ्रिजमध्ये आहे का, आणि नजरेचं काही झालं तर कुठल्या नेत्रतज्ज्ञाला फोन जाईल, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तेही उत्तरच. सिरिंजचा खोका समोर फोडून घ्यावा, त्यावरचा बॅच क्रमांक आपल्या कागदावर चिकटवून घ्यावा. पार्लरमध्ये, हॉटेलच्या खोलीत, 'ऑफर'मध्ये हे काम करून घेणं म्हणजे कपाळमोक्षाला आमंत्रण, याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

सगळं नीट झालं तरी काही दिवस चावताना कानशिलं दुखतात, कारण भराव चावण्याच्या स्नायूखाली बसलेला असतो. चणे, सुकं खोबरं, भाकरीच्या कडा थोड्या दिवसांनी. पोहण्याचा घट्ट गॉगल नको, कुशीवर झोपणं नको. हेल्मेटही कानशिलांवरच दाबतं, पण म्हणून हेल्मेटशिवाय फिरू नये, स्कूटरच चार दिवस घरी ठेवावी. जेलचा परिणाम साधारण वर्षभर धरतात. एमआरआयमध्ये मात्र चेहऱ्यातला भराव काहींत त्याहून बराच जास्त काळ सापडला आहे, त्यामुळे दर वर्षी ठरल्यासारखं टोचून घेण्याआधी किती उरलंय ते पाहावं. नाहीतर खळग्याच्या जागी टेंगूळ येतं.

लग्नसराईत पुण्या-बेळगावहून येणारे काही जण समुद्राबरोबर हेही उरकून घेतात. त्यांनी ते सहलीच्या शेवटच्या दुपारी करू नये. रक्तपुरवठा अडल्याची खूण कधी टोचतानाच दिसते, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आणि तोवर गाडी चोर्ला घाटात, मोबाइलच्या रेंजबाहेर असू शकते.