शेतीयंत्र दुरुस्तीचे शालेय शिक्षण (मराठवाडा)

शेतीच्या अवजारांची निगा, वेल्डिंग आणि इंजीनदुरुस्ती ही कामे माध्यमिक व उच्च माध्यमिक वयाच्या मुलामुलींना हाताने करायला शिकवण्याची पद्धत. मराठवाड्यात या नावाचा वेगळा विषय नाही. तांत्रिक विद्यालये, ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय, अकरावी-बारावीचे व्यावसायिक अभ्यासक्रम आणि आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) अशा निरनिराळ्या दारांनी ही कामे शिकवली जातात. बराचसा भाग मात्र शाळेबाहेर, रस्त्याकडेच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो.

गावगाड्यात औताची दुरुस्ती सुतार-लोहाराकडे असे. मृगाआधी वखराची पास (पाते) आणि नांगराचा फाळ पाजून म्हणजे धार लावून घ्यायचा, पेरणीच्या तिफणीचे फण बसवून घ्यायचे आणि सुगीला बलुते घालायचे. विहिरीवरची मोट जाऊन डिझेल इंजीन आले, मग विजेची मोटार, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, रोटाव्हेटर. भात्याची जागा वेल्डिंग मशीनने घेतली. या नव्या कामाला ठरलेला बलुतेदार नव्हता, त्यामुळे ते शिकायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी ‘नई तालीम’ मांडली. १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग. आठवड्याचा एक दिवस प्रत्यक्ष कामाचा असतो, आणि मुलीही मुलांइतकेच वेल्डिंग करतात. किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम राज्यात १९८८-८९पासून आले. आयटीआयत वेल्डर, डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे एकेक वर्षाचे व्यवसाय आहेत. परभणीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे आणि कृषी अभियांत्रिकीची पदवीही मिळते; पण पदवीधर अभियंता आणि गावचा मेकॅनिक यांच्यामधली पायरी शाळेनेच बांधायची असते.

कार्यशाळेत पहिल्यांदा हात बसतो तो पाना, कानस आणि मोजपट्टीवर. वेल्डिंग नंतर. सुरुवातीला लोखंडी पट्टीवर सरळ रेघ ओढायची, मग दोन पट्ट्या जोडायच्या. ३.१५ मिमीच्या रॉडला साधारण १०० ते १४० अँपिअर करंट लागतो. कमी असेल तर रॉड चिकटतो, जास्त असेल तर पातळ पत्र्याला भोक पडते. जोड थंड झाल्यावर वरची खपली ठोकून काढल्याखेरीज खालची शिवण कशी आली ते कळत नाही. चांगला शिक्षक जोड वाकवून मोडायला लावतो. बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग मात्र साध्या रॉडने जोडला की शेजारी तडकतो, त्याला निकेलचा रॉड आणि आधी तापवणे लागते. हे न सांगितल्याने शेतकऱ्याचा एकच भाग तीनतीनदा वेल्डिंग मारून आणला जातो.

काळ्या काचेशिवाय वेल्डिंगकडे पाहिले तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते. कारण अतिनील किरणे. जस्त चढवलेला पाइप बंद खोलीत जोडला तर धुराने ताप येतो. गॅरेजात ही माहिती अनुभवाने मिळते, म्हणजे डोळे सुजल्यावर.

इंजिनासाठी जुने एका सिलिंडरचे डिझेल इंजीन सर्वांत सोयीचे, कारण त्याचा प्रत्येक भाग उघडून दाखवता येतो. टाकी रिकामी होईपर्यंत चालवले की इंजीन ‘हवा धरते’. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढून हवा घालवावी लागते. धुराचा रंगही वाचायला शिकवतात. काळा धूर म्हणजे जास्त भार किंवा एअर क्लीनर कोंदलेला. निळा म्हणजे पिस्टनच्या रिंगांवाटे ऑइल वर येऊन जळते आहे. उस्तादही हे ओळखतो, अनेकदा शिक्षकाहून लवकर, नुसत्या आवाजावरून. शाळेची भर मोजमापात आणि कारण सांगण्यात आहे.

याचा चांगला नमुना पेरणी यंत्राचा. सोयाबीनला हेक्टरी ७५ किलो बियाणे आणि ४५ सेंमी अंतराच्या चार ओळी धरल्या तर यंत्राची पेरणीची रुंदी १.८ मीटर. चाकाचा व्यास ६० सेंमी असेल तर २० फेऱ्यांत सुमारे ३७.७ मीटर अंतर, म्हणजे ६८ चौरस मीटर जमीन होते. तेवढ्यात सुमारे ५१० ग्रॅम बी पडायला हवे. चाक अधांतरी करून २० वेळा फिरवायचे, नळ्यांखाली पिशव्या बांधून बी तोलायचे. वर्गातली परिघाची गणिते इथे पहिल्यांदा कामाला येतात.

मळणी यंत्राचा पाठ मात्र दुरुस्तीपेक्षा भीतीचा असावा. पेंढी आत सारताना हात ओढला जाण्याच्या अपघातांमुळे केंद्राने १९८३मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा केला. ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती अवजाराला पोहोचवणारी पीटीओ दांडी मिनिटाला ५४० फेरे घेते; पदर किंवा धोतराचा सोगा तिच्यात अडकला तर सोडवायला वेळ उरत नाही. दांडीवरचे प्लास्टिकचे कव्हर तुटल्यावर कुणी पुन्हा बसवत नाही.

हा प्रदेश ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखला जातो. डॉक्टर-अभियंता होण्याच्या शिकवण्यांपुढे कार्यशाळेचा तास दुय्यम ठरतो, आणि ‘अभ्यासात कच्चा’ मुलगाच इकडे ढकलला जातो. गंमत अशी की धूर पाहून बिघाड ओळखणे ही रसायनशास्त्राची तोंडी परीक्षाच असते. शिकलेली मुले वाळूजच्या कारखान्यांत किंवा जालन्याच्या पोलाद गिरण्यांत जातात, काही तालुक्याच्या गावी स्वतःचे दुकान टाकतात.

आणखी एक अडचण वेळापत्रकाची. पेरणी यंत्रे जूनमध्ये बिघडतात, तेव्हा शाळा नुकती उघडलेली असते आणि वह्या-पुस्तकांचीच जुळवाजुळव चालू असते. सोयाबीनच्या मळणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आसपासचा. यंत्रे सर्वांत जास्त मोडतात त्या दिवसांत कार्यशाळेला कुलूप असते आणि मुले गॅरेजात.