रूपक की उपहास? विज्ञान कादंबरी वाचताना होणारी गल्लत

कादंबरीत परग्रहवासी आले, यंत्रमानव आले आणि हे सगळं आपल्याच समाजाबद्दल चाललंय असा वास आला, की वाचक शिक्का मारून मोकळे होतात: 'रूपक आहे', नाहीतर 'समाजाचा उपहास आहे'. पुष्कळदा दोन्ही शिक्के एकाच अर्थाने मारले जातात. दोन्हींत 'लेकी बोले सुने लागे' हाच प्रकार असल्यामुळे गल्लत होणं साहजिकच. पण दोन्हींची कामाची पद्धत निराळी आहे आणि दोन्ही फसतात तीही निराळ्या कारणांनी.

'चंद्रासारखं मुख' ही उपमा आणि 'मुखचंद्र' हे रूपक, एवढं शाळेत शिकलेलं असतं. विज्ञान कादंबरी रूपकातला हा अभेद, म्हणजे दोन वस्तू एकच मानणं, अक्षरशः खरा करून दाखवते. दोन वर्गांत जमीनअस्मानाचं अंतर आहे असं आपण नुसतं म्हणतो. तिथे एक वर्ग खरोखरच जमिनीखाली राहायला जातो. उपहास मात्र वस्तू आहे तीच ठेवतो आणि माप वाढवतो. जी सवय आपल्याला रोजची वाटते, तिचाच तर्क चार पावलं पुढे नेतो. (विडंबन हा शब्द इथे सरसकट वापरला जातो, पण विडंबन म्हणजे एखाद्या रचनेची वेडीवाकडी नक्कल. ते उपहासाचं एक हत्यार झालं, सगळा उपहास नव्हे.)

एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन'मध्ये (1895) प्रवासी इ. स. 8,02,701 मध्ये पोचतो. वर उन्हात नाजूक, आळशी एलॉय. खाली अंधारात यंत्रं चालवणारे फिकट मॉरलॉक. प्रवाशाचा पहिला अंदाज साफ चुकतो. मग तो लंडनच्या भुयारी रेल्वेची, जमिनीखाली चालणाऱ्या कामांची आठवण काढतो आणि मालक-मजूर दरी वाढत वाढत इथवर आली असा निष्कर्ष काढतो. पण गोष्ट तिथे थांबत नाही. मॉरलॉक रात्री एलॉयना धरून नेतात, खातात. व्हिक्टोरियन इंग्लंडचं काहीएक माहीत नसलेल्या वाचकालाही काळोख्या रात्रीच्या त्या पानांवर धडकी भरते. रूपकाची पहिली कसोटी हीच: ज्याच्याबद्दल लिहिलंय ते लक्ष्य हाताने झाकून पाहा. गोष्ट उभी राहते का?

आता ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (1932) घ्या. पहिलं प्रकरण म्हणजे चक्क कारखान्याची सहल. संचालक विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवतोय, एका बीजांडापासून 96 पर्यंत एकसारखी माणसं कशी काढतात ते सांगतोय आणि पोरं माना खाली घालून वहीत उतरवून घेतायत. कुणी दचकत नाही. वेल्सचा प्रवासी पानोपानी चकित होतो. हक्सलीचा संचालक खुशीत असतो. उपहासाची ओळख या गंभीर चेहऱ्यातच असते. तिथली कालगणना मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डच्या नावाने चालते आणि त्याची मॉडेल टी गाडी निघाली त्या 1908 पासून वर्षं मोजतात, म्हणून गोष्टीतलं 632 हे साल म्हणजे आपलं 2540. क्रुसांची वरची टोकं छाटून त्यांचे 'टी' केलेत. हा चिमटा बसायला मॉडेल टी ठाऊक हवी. लक्ष्य झाकलं, की विनोदातली हवाच जाते. उपहास लवकर शिळा होतो आणि भाषांतरात तळटीप मागतो, तो यामुळे.

फरक हातात यावा म्हणून एकच विषय दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहा. घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असलेली इमारत घेऊ. रूपक करायचं तर एकच नवा नियम शोधायचा: समजा, या शहरात दोन वर्गांचा काळ वेगवेगळ्या वेगाने चालतो, त्यामुळे मालकिणीला बाई म्हणजे नुसती सरकणारी धूसर रेघ दिसते. मग हा नियम सगळीकडे लावायचा. पगार कुठल्या घड्याळाने मोजायचा? बाईचं पोर मालकिणीच्या पोरापेक्षा आधी म्हातारं होईल का? नियम मधेच सैल सोडला तर रूपक गेलं.

उपहास करायचा तर नवा नियम लागत नाही, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लागतं: 'विषय क्र. 4: लिफ्टमधील हवेच्या वापराबाबत. कामवाल्या महिला प्रतिफेरी अंदाजे सहा श्वास घेतात. सदर श्वासांचे शुल्क त्यांच्या पगारातून वळते करावे. सर्वानुमते मंजूर.' इथे हात फक्त मजकुराला लावायचा. भाषा, क्रमांक, 'सदर', 'वळते', 'सर्वानुमते' हे सगळं होतं तसंच राहिलं पाहिजे. लेखकाने मधे डोळा मारला, एखादं 'अरेरे' घातलं, की खेळ खलास.

रूपक फसतं ते बहुतेक वेळा कुलूप-किल्ली केल्यामुळे. अमुक म्हणजे तमुक असं एकदा ठरवलं, की उपमानाचं सगळं ओझं उपमेयाच्या डोक्यावर येतं. कारेल चापेकच्या 1920 च्या 'आर. यू. आर.' नाटकाने जगाला 'रोबोट' शब्द दिला. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठ. वेठबिगारांचं इतकं चपखल रूपक दुसरं नाही. पण नाटकात रोबोट माणसांचा जवळजवळ निर्वंश करतात. तेव्हा रोबोट म्हणजे मजूर असं समीकरण ताणून धरणाऱ्याला, मजुरांची भीती बाळगणाऱ्या मालकाचंच बरोबर होतं, असं कबूल करावं लागतं. पीडितांच्या जागी खरोखरच घातक शक्ती असलेले जीव बसवणाऱ्या कितीतरी कथा याच खड्ड्यात पडतात.

चापेकला हा खड्डा पुढे दिसला असावा, असं त्याची 1936 ची 'वॉर विथ द न्यूट्स' वाचताना वाटतं. सुमात्राजवळच्या एका बेटापाशी कॅप्टन व्हान टॉखला बुद्धिमान सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर, नावातले 'न्यूट्स' ते हेच) सापडतात. शार्कपासून बचावासाठी तो त्यांना सुरे देतो, ते त्याला मोती देतात. पुढे उद्योगपती बाँडी त्यांच्या मजुरीचीच कंपनी काढतो. बाजारात त्यांची प्रतवारी होते, बाजारभावाचा अहवालही पुस्तकात आहे. मग त्यांच्या शाळा, त्यांना आत्मा असतो का यावरचे वाद, आणि जर्मन पाण्यातला सॅलमँडर वंशाने श्रेष्ठ असल्याचा शोध. लक्ष्य प्रकरणागणिक बदलतं: कधी वसाहतवाद, कधी वर्तमानपत्रं, कधी नाझी. बदलत नाही ते सॅलमँडरचं शरीर. त्याला उथळ किनारा लागतो, प्रजा वाढते तसा जास्त लागतो, म्हणून शेवटी तो खंडंच पोखरायला घेतो. पुस्तकातलं अरिष्ट रूपकाच्या नियमातून येतं आणि त्यावर भरलेली परिषद उपहासातून: ती वाडुझला, आल्प्समध्ये, कारण तिथे बुडायची भीती नाही. सॅलमँडरांच्या वतीने माणूस वकील येतात. चीनचा भूभाग त्यांना देऊन टाकावा असा प्रस्ताव निघतो. चिनी प्रतिनिधी बोलतो, पण त्याचं बोलणं कुणालाच कळत नाही.

बाँडीच्या दाराशी पोव्होंद्रा नावाचा एक नोकर असतो. पहिल्या दिवशी कॅप्टनला आत सोडायचं की नाही, हे त्यानेच ठरवलेलं असतं. तो वर्षानुवर्षं सॅलमँडरांच्या बातम्यांची कात्रणं जमवतो. म्हातारपणी प्रागच्या नदीकाठी गळ टाकून बसलेला असताना पाण्यात एक काळं डोकं वर येतं, आणि हे सगळं आपण दार उघडल्यामुळे झालं असं तो मुलाला सांगायला लागतो.