‘बाई, झालं!’

परळमधली एक मराठी शाळा. चौथीचा वर्ग, दुपारच्या शाळेचा दुसरा तास. बाईंनी फळ्यावर हातच्याच्या दहा वजाबाक्या लिहिल्या आणि हाताचा खडू झटकला, तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, झालं!’ बाकीच्या पोरांचा अजून समास आखून व्हायचा होता. मी मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून वर्ग बघत बसलो होतो. आता बाई काय करणार, एवढंच मला बघायचं होतं.

कारण अशा वेळी बहुतेक शाळांत तीनपैकी एक गोष्ट होते. ‘शाब्बास, आता पुढची दहा कर.’ किंवा ‘जा, ऑफिसातून हजेरीपट घेऊन ये.’ नाहीतर सरळ, ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ लवकर संपवलं की आणखी काम मिळतं, नाहीतर गप्प बसावं लागतं, हे पोरांना दोन-चार दिवसांत कळतं. मग ती मुद्दाम हळू लिहायला शिकतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ‘बाई, झालं’ बंद होतं आणि सगळ्यांना वाटतं, पोर आता सुधारलं.

अशी मुलं किती असतात? बुद्ध्यंकाची (आयक्यूची) सरासरी १०० धरतात. १३० किंवा त्याहून जास्त बुद्ध्यंक असलेली मुलं शंभरात दोन-अडीच निघतात. चाळीस-पन्नास जणांच्या वर्गात हिशेबाने एक तरी आलंच. पण या आकड्याला फार डोक्यावर घेऊ नये. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिचाचणी तयार केली, ती अभ्यासात मागे पडणारी मुलं हेरून त्यांना मदत मिळावी म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. चाचणीचा उपयोग शिखरं मोजायला करू लागले अमेरिकेतले ल्युइस टर्मन. १९२१ पासून त्यांनी सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायचं ठरवलं. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं गुण कमी पडले म्हणून गळली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांतून मात्र एकही नोबेल निघालं नाही.

म्हणूनच अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये वेगळी मांडणी केली. सरासरीहून बरी क्षमता, काहीतरी नवं सुचण्याची वृत्ती आणि हातात घेतलेल्या कामाला चिकटून राहणं, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रतिभा दिसते. यातल्या शेवटच्या दोन आपल्या स्कॉलरशिपच्या पेपरात कुठे सापडणार? (तिथे बऱ्याचदा क्लासची फी सापडते, पण तो विषय वेगळा.) मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. मराठी शाळेतल्या मुलांच्याही घरी मराठीच असते असं नाही. लेखी मराठीत अडखळणारं पोर गणितात कुठल्या कुठे पोहोचलेलं असू शकतं. त्याला हेरायचं तर त्याच्या उत्तरांपेक्षा त्याचे प्रश्न ऐकावे लागतात.

या शाळेतल्या बाईंची पहिली युक्ती अगदी साधी आहे. नवा धडा सुरू करायच्या आधी त्या त्याच धड्याच्या स्वाध्यायातली सर्वांत अवघड पाच गणितं सगळ्यांना देतात. ज्याची चार बरोबर आली, त्याला त्या धड्याचा सराव माफ. पालकांना हे ऐकून धडकी भरते. पण रेंझुली आणि सॅली रीस यांच्या गटाने १९९३ मध्ये अमेरिकेतल्या शाळांमधला असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. हुशार मुलांच्या अभ्यासक्रमातला ४० ते ५० टक्के भाग शिक्षकांनी गाळला आणि तरीही परीक्षेतले गुण उतरले नाहीत. थोडक्यात, ही मुलं वर्षातला जवळपास अर्धा वेळ येत असलेलंच पुन्हा गिरवत होती.

हे गिरवणं नुसतं कंटाळवाणं असतं असंही नाही, ते प्रत्यक्ष अडचणीचं ठरतं. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो. नवख्या मुलाला पायरी-पायरीने सोडवलेलं उदाहरण दिलं की त्याच्या मनावरचा भार हलका होतो. ज्याच्या डोक्यात ती रीत आधीच पक्की बसली आहे, त्याला मात्र तेच स्पष्टीकरण आपल्या रीतीशी ताडून बघावं लागतं आणि भार उलट वाढतो. स्लावा काल्युगा, जॉन स्वेलर या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या उलट्या परिणामाची सविस्तर मांडणी केली. एकाला टेकू देणारी काठी दुसऱ्याच्या पायात येते, ती अशी.

सराव माफ केला, ठीक. पण रिकामा झालेला वेळ भरायचा कशाने? त्या दिवशी बाईंनी दहा वजाबाक्यांवर डस्टर फिरवला आणि म्हणाल्या, ‘कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत.’ एकाने बाबांच्या टॅक्सीचा नंबर सांगितला, ३५२४. अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडले, ५४३२. मग उलटे, २३४५. वजाबाकी ३०८७. आता या अंकांशी पुन्हा तोच खेळ: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणि पुन्हा केलं तरी ६१७४च! शेजारच्या बाकावर दुसरी संख्या, तिसऱ्या बाकावर तिसरी, आणि सगळ्यांची गाडी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबते. ज्याची थांबली नाही, त्याचा कुठेतरी हातचा चुकलाय. बाईंना वही तपासायची गरजच उरली नाही.

हा ६१७४ शोधला डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत मास्तरकी केलेल्या द. रा. कापरेकरांनी, १९४९ साली. त्यांच्याकडे गणितातली पदव्युत्तर पदवीही नव्हती. वर्गाला हे सांगितल्यावर पोरांना ‘एक शाळामास्तर’ या शब्दांची फार मजा वाटली. बाईंनाही वाटली असावी.

गंमत अशी की सगळ्या वर्गाने एकच काम केलं. कच्च्या पोरांचा हातच्याचा सराव झाला, तोही न कुरकुरता. खिडकीजवळच्या मुलीला मात्र दहा मिनिटांत वेगळंच सुचलं: तीन अंकी घेतली तर? तिला ४९५ सापडला. मग दोन अंकी. तिथे गाडी थांबेचना. २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि परत २७. तिने हे तीनदा तपासलं, खोडरबराने कागद फाटेस्तोवर खोडलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘माझं चुकतंय.’ चुकत नव्हतं. पण आजवर जिचं काहीच अडलेलं नाही, तिला अडणं म्हणजे चुकणंच वाटतं. बारा वर्षांच्या मुलीसारखा विचार करणारी मुलगी रडते मात्र नऊ वर्षांच्या मुलीसारखी, हे मोठे विसरतात.

बाई तिला ‘तू तर हुशार आहेस ना!’ असं म्हणाल्या नाहीत. ‘हे फेऱ्यात अडकतंय हे तुझ्या कसं लक्षात आलं, दाखव बरं,’ म्हणाल्या. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हाच फरक मोजला होता. ज्यांच्या बुद्धीचं कौतुक झालं, त्यांतल्या बहुतेकांनी पुढे आपण हुशार दिसू अशीच कामं पसंत केली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं, त्यांनी काही शिकायला मिळेल अशी अवघड कामं उचलली. आपल्याकडे नातेवाइकांच्या तोंडी ‘हुशार हो पोरगी!’ इतकं बसलेलं आहे की शाळेच्या फाटकाबाहेर त्याला आवर घालणं कठीणच.

अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा हाही मार्ग आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती याच विचाराने. पण मुंबईतल्या प्रत्येक वर्गातलं एक पोर उचलून न्यायचं कुठे? २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळा, शाळासंकुल, जिल्हा पातळीवर आवडीच्या विषयांची मंडळं काढावीत असं म्हटलं आहे. मंडळं जरूर निघावीत. पण तोवर रोजचे पाच-साडेपाच तास जातात ते वर्गातच. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला, तरी निवडणुकीची नि सर्वेक्षणाची कामं त्या शिक्षकाच्या वेळातूनच वजा होतात. पाच अवघड गणितं काढायला अर्धा तास लागतो, असं बाई सांगत होत्या, आणि तो अर्धा तास त्यांना मिळतो डोंबिवली लोकलमध्ये.

तास संपताना त्या मुलीने विचारलंच, ‘बाई, पाच अंकी?’ बाईंनाही माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगून टाकलं. दोघींनी घरून करून आणायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा गेलो. मुंब्रा येईपर्यंत बाईंची गाडी ५३९५५ आणि ५९९९४ या दोन संख्यांमध्ये येरझारा घालत अडकली होती. मुलीने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे चार संख्यांचा फेरा काढून आणला होता: ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४. बाईंचं तिने तपासलं, तिचं बाईंनी. दोन्ही बरोबर. चार संख्यांचा आणखी एक फेरा आहे, तो दोघींपैकी कुणालाच अजून सापडला नव्हता, आणि मी काही बोललो नाही.