तारेला ओवलेली पत्रं

खान्देशातल्या जुन्या घरांत ओसरीच्या खुंटीला एक तार टांगलेली असायची. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखं वळवलेलं अणकुचीदार टोक. आलेलं कार्ड घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, की ते त्या टोकातून ओवलं जाई. सर्वांत जुनं तळाला, कालचं वर. अमळनेर तालुक्यात माझ्या आजोळी अशी एक तार अजून आहे. हाताने पत्र लिहिण्याला आता काय अर्थ उरला, असं कुणी म्हटलं की मला ती आठवते. त्या घराचा दुसरा कुठलाही लेखी इतिहास नाही.

सामान्य शेतकऱ्याच्या घरी पत्र येऊ लागलं त्याची सुरुवात १८५४ ची. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून देशभर एकच टपालदर लागू झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला. त्याआधी अंतराप्रमाणे पैसे मोजावे लागत. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला, म्हणजे जुन्या एका पैशाला. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. रेल्वे तोवर भुसावळवरून पुढे गेली होती, आणि तापीच्या खोऱ्यातून सुरतेची लाइन झाल्यावर तर खान्देशी माणसाला पोट भरायची एक नवी दिशाच मिळाली. कापडाच्या कामासाठी सुरत-उधन्याला गेलेला माणूस महिन्याला मनीऑर्डर करी. त्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी थोडी मोकळी जागा असे. कित्येक बायकांना नवऱ्याचं पत्र म्हणून आयुष्यभर तेवढंच मिळालं.

लिहिता येणारे थोडे. म्हणून पत्र लिहून घ्यायचं ते पोस्टमनकडून, मास्तरांकडून, नाहीतर सातवीतल्या पोराकडून. इथे खान्देशात एक वेगळीच गोष्ट घडे. म्हातारी सांगायची अहिराणीत, "त्याले लिख, तुनी माय तुनी वाट देखी ऱ्हायनी." पोरगा लिहायचा, "मातोश्री आपली वाट पाहत आहेत." वर शि. सा. न. वि. वि., म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, खाली कळावे, लोभ असावा. तिकडे सुरतेच्या खोलीवर कुणीतरी ते वाचून पुन्हा अहिराणीत समजावून सांगे. मायचं बोलणं असं दोनदा भाषा बदलून लेकापर्यंत जाई, आणि तरी पोचे. शाळेतलं शुद्धलेखन अनेकांनी असंच, दुसऱ्याची दुःखं लिहिता लिहिता गिरवलं.

मजकूर बहुतेक सारखाच असायचा. कपाशीला भाव काय मिळाला, विहिरीला पाणी किती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला घ्यायला कोण जाणार. पण ओळींपेक्षा अक्षर जास्त सांगतं. आजोबांचं अक्षर एका वर्षी अचानक मोठं आणि वाकडं झालेलं दिसतं, तिथे त्यांची नजर अधू झाली. कार्ड संपत आलं की कडेने उभं लिहिलेलं, पत्त्याच्या बाजूला घुसलेलं. जागा संपली तरी बोलणं संपत नव्हतं.

मृत्यूची बातमी मात्र खुंटीच्या तारेवर नाही. कोपरा फाटलेलं कार्ड घरात ठेवत नसत. वाचलं की दारातच फाडून टाकत. त्यामुळे कोण कधी गेलं, हे मायन्यावरून ओळखावं लागतं. एका कार्डावर आत्याच्या नावामागे सौ. आहे. चार कार्डं सोडून वरच्या कार्डावर गं. भा.

पत्तेही वाचण्यासारखे. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले, म्हणून जुन्या कार्डांवर 'जि. पूर्व खानदेश' आहे. १९६० नंतर जळगाव. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, पण ते सहा आकडे लिहायची सवय आमच्याकडे बऱ्याच उशिरा लागलेली दिसते. जिथे गावागणिक पिंप्री आणि वडगाव, तिथे पोस्टमनने पत्रं कशी शोधून पोचवली असतील, याचं मला आजही कौतुक वाटतं.

घरगुती कागदाला इतिहासाचं मोल असतं, हे महाराष्ट्राला ज्यांनी पटवून दिलं त्या वि. का. राजवाड्यांचा शेवट खान्देशातच झाला. गावोगावच्या वाड्यांमधली दप्तरं धुंडाळून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. १८९८ च्या पहिल्या खंडात पानिपतापर्यंतच्या अकरा वर्षांची पत्रं आहेत. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले, आणि त्यांच्या संग्रहासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते हाताने उतरवून घेत होते. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी ओव्या वहीत टिपल्या नसत्या, तर १९५२ चा संग्रह निघालाच नसता. टिपणाऱ्यांपैकी कुणालाही त्या वेळी आपण साहित्य जपतोय असं वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

आता सुरतेहून रोज व्हिडिओ कॉल येतो. म्हातारीला लेकाचा चेहरा दिसतो, ती अहिराणीतच बोलते, मध्ये मास्तर लागत नाही. ही फार मोठी सोय आहे आणि ती मला मनापासून हवी आहे. फक्त त्यातलं काही तारेवर चढत नाही. मोबाइल बिघडला की तीन वर्षांचं बोलणं एका दुपारी जातं. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पोस्टकार्ड मात्र ५० पैशांना मिळतं, आणि टपाल खातं २०१७ पासून 'ढाई आखर' ही हस्तलिखित पत्रांची स्पर्धा घेतं. आंतरदेशीयावर ५०० शब्दांची मर्यादा. आमची माणसं कार्डाच्या एका बाजूत वर्षाचा हिशेब बसवायची.

आजोळच्या तारेवरचं सर्वांत वरचं कार्ड मामांचं आहे, निळ्या शाईतलं. क्षेमकुशल झाल्यावर एवढंच लिहिलंय: "घरी फोन घेतला आहे. नंबर खाली दिला आहे, जपून ठेवणे."