सुरमईची तुकडी, बिडाचा तवा आणि तो स्टेक
मे महिन्यात मुंबईहून भाचा मालवणला आला, त्याला घरी गॅसवर स्टेक करायचा होता आणि त्यासाठी म्हणे कास्ट आयर्नचा पॅनच हवा. आता कास्ट आयर्न म्हणजे बीड, आणि बिडाचा तवा आमच्याकडे दोन पिढ्या आहेच, पण आई अडून बसली, "तो आंबोळ्यांचो तवो, तेका वास लागतलो." मांसाचीही पंचाईत, गाय आधीपासूनच आणि बैलही २०१५ पासून राज्यात कायद्याने बंद, म्हशीचं जवळपास मिळेना, शेवटी गाडी सुरमईवर आली. तशी आडवी कापलेली, मधे काट्याचं चक्र असलेली तुकडी म्हणजे फिश स्टेकच की.

गंमत म्हणजे स्टेक मुळात तव्यावरचा नाहीच. शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, काठीला लावून आगीवर भाजलेलं मांस. पॅनमधे तो रुळला तो मुख्यतः १९व्या शतकात, युरोप-अमेरिकेत घरोघरी लोखंडी बंद चुली आल्या तेव्हा. त्याच काळात, १८४७ मधे, लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की मोठ्या आचेने बाहेरचा थर घट्ट होतो आणि रस आत कोंडला जातो. साफ चूक, तव्यावर जो चर्र आवाज येतो तो रस बाहेर येऊन उडत असल्याचाच, पण ही समजूत अजून लोकांच्या तोंडी आहे! खरपूसपणा येतो तो मायार या फ्रेंच माणसाने १९१२ मधे वर्णन केलेल्या क्रियेतून, प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर तापून. ती जोर धरते साधारण १४० अंशांच्या आसपास, आणि वरचं पाणी उडेपर्यंत तापमान १०० च्या वर जातच नाही, म्हणून तुकडी कोरडी हवी.

हे आईला कोणी शिकवलं नाही. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून ताट तिरकं ठेवते, सुटलेलं पाणी ओतून देते, मगच मसाला.

आपण याला पूर्वापार म्हणतो खरं, पण थोडं खरवडलं की एकेक गोष्ट नवी निघते. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली, म्हणजे १४९८ नंतरची, त्याआधी तिखटाला मिरी. तुकडी घोळवायचा रवा गव्हाचा आणि गहू काही कोकणचं पीक नाही, आपलं खरं आवरण तांदळाच्या पिठाचं, माझ्या मते आजही तेच चांगलं. आणि आच! घरगुती गॅसचा सिलेंडर मुंबईत १९५५ ला आला, आमच्या वाडीत त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तोवर चुलीत चुडतं आणि सोडणं, म्हणजे माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळाची सालं, चुडत भडकून लगेच विझणार, मग आच एकसारखी राहणार कशी, ते काम जाड बीडच करायचं, एकदा तापलं की धरून ठेवायचं. पातळ नॉनस्टिकवर गार तुकडी टाकली की तवाच थंड पडतो आणि मासा तळायच्या ऐवजी वाफवला जातो, हे मी स्वतः दोन तवे विकत घेऊन शिकलेय.

तर भाच्याने हट्टाने बिडावरच केली. पहिली बाजू घाईत उलटायला गेला, निम्मी साल तव्याला. दुसरीला हात लावला नाही, चार मिनिटांनी आपोआप सुटली, कडा तांबूस, मस्त.

दुसऱ्या दिवशी आंबोळ्यांना सुरमईचा वास. आईने एकही खाल्ली नाही.